थायरॉइडची गोळी सोडली आणि दोन आठवडे मस्त वाटलं!

ज्यांना आत्ता कानात हेडफोन घालता येत नाहीत, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना झालेली बडबड थोडी छाटली आहे, बाकी सगळं तसंच.

‘हॉर्मोनल इम्बॅलन्स’ हा शब्द रील्समध्ये दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. पिंपल्स? हॉर्मोन्स. चिडचिड? हॉर्मोन्स. पण शरीरात हॉर्मोन्स कितीतरी आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. म्हणून आज फक्त थायरॉइड. आणि किस्सा माझाच.

दोन वर्षांपूर्वी माझे केस गळायला लागले. दिवसभर झोप यायची आणि खाणं कमी करूनही वजन वाढायचं. तपासणीत टीएसएच 11 निघालं. साधारण 4 पर्यंत ठीक मानतात. निदान झालं हाशिमोटो. 1912 मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा मांडला. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. “पण हे मला का झालं?” असं विचारलं, तर म्हणाले, “होतं असं.” पुढचा पेशंट आत.

त्या ‘का’च्या शोधात मी ऑनलाइन एका फंक्शनल मेडिसिन कोचकडे पोचले. ही विचारसरणी अमेरिकेतली. जेफ्री ब्लँड यांनी 1991 मध्ये तिची संस्था काढली. म्हणणं असं की नुसत्या लक्षणावर औषध देऊ नका, मुळाशी जा. आहार, झोप, ताण, पचन सगळं एकत्र बघा. कोचने माझं तासभर ऐकून घेतलं. खरं सांगू? मला रडूच आलं.

आणि त्याचे प्रश्न चुकीचे नव्हते. म्हणजे बघा, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ही आई. ती थायरॉइडला हाक मारते. ती हाक म्हणजे टीएसएच. पोराने ओ दिली नाही की आईचा आवाज चढतो. म्हणून थायरॉइड मंदावलं की टीएसएच वाढतं. थायरॉइड मुख्यतः टी-4 बनवतं. ते बनवायला आयोडिन लागतं, लोहही लागतं. पुढे शरीर त्याचं जास्त जोरकस टी-3 करतं, त्याला सेलेनियम लागतं. उपाशी राहिलं तर टी-3 घटतं. माझं लोह कमी होतं आणि रात्रीचं जेवण म्हणजे एक सफरचंद! हे आधी कोणी विचारलंच नव्हतं.

पण मग तो म्हणाला, “गोळीची सवय लागते, बंद कर.” बदल्यात दिल्या समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणि केसांसाठी बायोटिन. मी ऐकलं. आणि पहिले दोन आठवडे मस्त गेले!

इथेच फसायला होतं. टी-4 रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. पगार थांबला तरी बचतीवर काही दिवस निघतात ना, तसं. दुसऱ्या महिन्यात आवाज घोगरा झाला, पोट साफ होईना, ऐन मे महिन्यात मी चादर घेऊन बसायचे. पण रिपोर्ट? नॉर्मल! कोच खूश.

आईने ओढतच हॉर्मोन्सच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “केसांसाठी काही घेतेस का गं?” बऱ्याच लॅबच्या तपासणी पद्धतीत बायोटिन वापरलेलं असतं. त्यामुळे त्याचा मोठा डोस चालू असेल तर टीएसएच खोटं कमी दिसू शकतं. बायोटिन थांबवून पुन्हा रक्त दिलं. टीएसएच 38! शेवाळात आयोडिन भरपूर असतं आणि हाशिमोटोमध्ये जादा आयोडिनने थायरॉइड आणखी मंदावू शकतं, हेही तेव्हाच कळलं.

गोळी परत सुरू झाली. आता मी काय पाळते, ते ऐका. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी. बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि तपासणीच्या निदान दोन दिवस आधी थांबवा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते.

कोचने शिकवलेलंही मी सोडलेलं नाही. रात्री नीट जेवते, वेळेवर झोपते, लोह भरून काढलं. त्याने बरं वाटतं. पण हाशिमोटोत ग्रंथीचं जे नुकसान झालेलं असतं, ते भाजी-भाकरीने भरून येत नाही. ‘का’ विचारणारा माणूस जरूर शोधा. फक्त त्याचं उत्तर ऐकून हातातली गोळी टाकण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी एकदा बोला.

तुमच्या घरात कोणी गोळी सोडायच्या विचारात असेल, तर हा एपिसोड आजच पाठवा. चला, भेटूया पुढच्या भागात!