हुलकावणीचा मासा

उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत, संथ नद्यांत आणि धरणांच्या जलाशयांत लार्जमाउथ बास नावाचा हिरवट, जाड अंगाचा मासा राहतो. अमेरिकेत हौसेने मासे गरवणाऱ्यांची संख्या सुमारे 4 कोटी आहे आणि गोड्या पाण्यात त्यांतले सर्वांत जास्त लोक ज्याच्या मागे असतात, तो हा बास आणि त्याचे जवळचे भाऊबंद. चवीला तो बरा असतो, पण त्याच्यासाठी पहाटे तीनला उठून, नाव गाडीमागे जोडून दूरच्या जलाशयावर जाणारी माणसे जेवणासाठी जात नाहीत. हाती लागलेला मासा मोजायचा, एखादा फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, ही बहुतेकांची रीत. या छंदातला आनंद आणि मनस्ताप एकाच ठिकाणाहून येतात: समोर मासा आहे हे ठाऊक असूनही तो तोंड उघडेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

बास म्हटल्यावर कोकणी वाचकाला रायगडच्या खारपट्ट्यातला जिताडा आठवेल. गोव्यात चोणक म्हणतात तो हाच. पण जिताडा हा आशियाई सी-बास, खाडीत आणि समुद्रात वाढणारा. अमेरिकेतल्या बासशी त्याचे कुळ जुळत नाही. लार्जमाउथ बास सनफिश कुळातला आहे. त्याचा जबडा मिटल्यावरही डोळ्याच्या मागेपर्यंत जातो आणि कुशीवरून एक काळसर, तुटक पट्टा शेपटीपर्यंत धावतो. त्याचा भाऊ स्मॉलमाउथ बास तपकिरी रंगाचा, थंड आणि खडकाळ पाण्यात रमणारा. स्मॉलमाउथचे शास्त्रीय वर्णन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी 1802 मध्ये केले.

लार्जमाउथ दबा धरून शिकार करतो. बुडालेले झाड, पाणवनस्पतींची कड, धक्क्याची सावली अशा आडोशाला तो जवळजवळ निश्चल थांबतो. छोटा मासा, बेडूक किंवा झिंग्यासारखा क्रेफिश टप्प्यात आला की तोंड इतक्या झटक्याने उघडतो की पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढले जाते. आत आलेली वस्तू खोटी वाटली, तर तितक्याच चपळाईने ती थुंकूनही टाकतो. हे सगळे क्षणार्धात घडते आणि काठी धरलेल्या हाताला कित्येकदा कळतही नाही. दोरी किंचित बाजूला सरकते, मंदशी टिचकी जाणवते, एवढाच काय तो निरोप. तो ओळखायला शिकण्यात पहिली काही वर्षे जातात. नवशिक्यांना मासा लागत नाही असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात अनेकदा तो येऊन गेलेला असतो.

या माशाला मान मिळायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात गळाच्या शौकिनांची सारी प्रतिष्ठा ट्राउट आणि सामन यांच्या वाट्याला होती. जेम्स हेन्शॉल या डॉक्टरने 1881 मध्ये ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हा ग्रंथ काढून आकाराच्या मानाने बासइतका झुंजार मासा दुसरा नाही, असा ठाम दावा केला. पण बासला घरोघरी पोचवले ते ग्रंथापेक्षा धरणांनी. 1933 मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने आणि नंतर इतर यंत्रणांनी दक्षिणेकडच्या नद्या अडवल्या. बुडालेली जंगले, शेतांचे बांध, जुने रस्ते यांनी भरलेले उबदार, उथळ पाणी तयार झाले. ट्राउटला ते मानवत नाही, बासला मात्र ते आयते घरच मिळाले. ट्राउटच्या नामांकित पाण्यांवर अनेकदा खासगी क्लबांचा हक्क असे. धरणाच्या काठावर गिरणीतला कामगारही राज्याचा परवाना काढून उभा राहू शकत होता. आजही टेक्सास किंवा जॉर्जियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला तेवढ्याच कागदावर हा छंद सुरू करता येतो. 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार काठ्या, रिळे आणि आमिषांवर उत्पादन कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या मत्स्यविभागांना माशांच्या संवर्धनासाठी मिळतो. ही व्यवस्था अमेरिकेच्या निसर्गधोरणातली फार शहाणपणाची गोष्ट आहे.

छंदाला स्पर्धेचे रूप दिले रे स्कॉट या अलाबामातल्या विमा-विक्रेत्याने. जून 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर त्याने शंभरावर स्पर्धकांना प्रत्येकी 100 डॉलर प्रवेशमूल्य घेऊन उतरवले आणि पुढच्याच वर्षी ‘बास’ नावाची संघटना उभी केली. 1971 मध्ये पहिली बासमास्टर क्लासिक नेवाडा-ॲरिझोनाच्या सीमेवरील लेक मीडवर झाली. कोणत्या पाण्यावर जायचे आहे, हे स्पर्धकांना विमान उडाल्यावरच सांगण्यात आले. बॉबी मरेने ती 10,000 डॉलरची स्पर्धा जिंकली. पुढे रिक क्लन आणि केव्हिन व्हॅनडॅम यांनी प्रत्येकी चार वेळा क्लासिक जिंकली. स्कॉटचे सर्वांत मोठे काम मात्र बक्षिसांपलीकडचे आहे. ट्राउटवाल्यांना मासे सोडून देताना पाहून त्याने 1972 पासून आपल्या स्पर्धांत मासा जिवंत ठेवून परत सोडण्याचा आग्रह धरला. नावेत हवा खेळवलेल्या पाण्याची टाकी आली, मेलेल्या माशाबद्दल वजनात कपात आली. माशांच्या माळा लटकवून फोटो काढणारी पिढी काही वर्षांत मागे पडली.

साहित्याच्या बाबतीत बास फार खर्चिक मासा आहे. ओहायोतल्या निक क्रीमने 1949 मध्ये मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला. आज तो शेकडो रंगांत मिळतो. त्याखेरीज पाण्यात डुबी मारून थरथरणारे लाकडी किंवा प्लास्टिकचे मासे, फिरत्या पत्र्यांचे स्पिनरबेट, रबरी झालरीचे जड जिग, पाणवनस्पतींवरून घसरत नेण्याचे पोकळ बेडूक असतातच. ‘टेक्सास रिग’ या मांडणीत गळाचे टोक प्लास्टिकच्या गांडुळातच लपवतात, म्हणजे ते फांद्यांत अडकत नाही. तरीही अडकतेच. बास राहतो तिथेच सगळी अडगळ असते, म्हणून आमिषे गमावण्याची तयारी ठेवूनच जावे लागते. आमिषांचे खोके दरवर्षी जड होत जाते. त्यातली निम्मी आमिषे माशाला भुलवण्याआधी गरवणाऱ्यालाच भुलवतात, हे जाणकार मोकळेपणाने मान्य करतात.

नवशिक्यांच्या संतापाचे हक्काचे कारण म्हणजे बेटकास्टिंग रीळ. केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे गुणक, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात चाक अनेकदा फिरवणारे रीळ घडवले. त्यात आमिष फेकताना दोरीचे चाक स्वतः गरगर फिरते. आमिष हवेत मंदावले किंवा पाण्यावर आपटले तरी चाक त्याच वेगाने फिरत राहिले, तर सुटलेली दोरी चाकावरच फुगते आणि तिचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात सकाळची सर्वांत चांगली वेळ निघून जाते. चुंबकीय आणि केंद्रोत्सारी ब्रेकनी हा त्रास कमी केला आहे. खरा इलाज अंगठा हाच. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी चाकावर अंगठा हलकेच दाबायचा, आणि हे कौशल्य फक्त सरावाने येते. तो सराव नको असलेल्यांसाठी झेब्कोचे झाकलेले रीळ 1949 मध्ये आले. तेलविहिरींत लागणारे स्फोटक साहित्य बनवणाऱ्या टल्सातल्या झिरो अवर बॉम्ब कंपनीने ते बाजारात आणले. लहान मुलांच्या हाती आजही पहिल्यांदा तेच दिले जाते.

मासा शोधणे हे फेकण्याहून अवघड. बासचे शरीर पाण्याच्या तापमानाप्रमाणे चालते. कडक थंडीत तो खोल जाऊन आठवड्याला जेमतेम काही खातो. वसंतात पाणी 16 ते 18 अंश सेल्सिअसकडे सरकले की नर उथळात येऊन शेपटीने तळ झाडतो, गोल घरटे करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण नरच करतो. उन्हाळ्यात मासे पहाटे-संध्याकाळी काठाला, दुपारी खोलात. शरदात छोट्या माशांच्या थव्यांमागे जलाशयाच्या फाट्यांत शिरतात. वाचायला हे सोपे वाटते. एकाच जलाशयात एकाच दिवशी काही मासे यातले काहीच पाळत नाहीत.

थंड वाऱ्याची लाट ओसरल्यावरचा दिवस सर्वांत वाईट. आकाश निरभ्र, हवेचा दाब चढलेला आणि कालपर्यंत तुटून पडणारा बास आज आमिष नाकासमोरून गेले तरी हलत नाही. गरवणारे याचे खापर दाबावर फोडतात. पण एक मिलिबार दाब म्हणजे सुमारे एक सेंटीमीटर पाणी. मोठ्या वादळी फेऱ्यात दाब 20-30 मिलिबारने बदलला, तरी मासा एक फूट खाली-वर झाला की त्याला तेवढाच फरक सोसावा लागतो. उजेड आणि पाण्याचे उतरलेले तापमान ही कारणे अधिक पटणारी आहेत. उपाय म्हणून लोक बारीक आमिष घेतात, ते संथ चालवतात, आडोशाच्या अगदी आत टाकतात.

मग कधीतरी तो क्षण येतो. पहाटेच्या सपाट पाण्यावर बेडकाच्या आकाराचे आमिष थांबत-थांबत ओढले जात असते आणि खालून पाणी फुटते. खरी कसोटी इथेच. आवाजाने दचकून काठी लगेच ओढली तर आमिष माशाच्या तोंडातून निसटते. दोरीला वजन जाणवेपर्यंत थांबायचे असते आणि त्या आवाजानंतर थांबणे फार कठीण जाते. अडकलेला बास पाण्याबाहेर उसळतो, जबडा उघडा ठेवून डोके झाडतो. दोरी क्षणभर सैल पडली की गळ सुटतो. हातचा गेलेला मासा मनात वर्षानुवर्षे राहतो, आणि पकडलेल्यांपेक्षा त्याच्याविषयी जास्त बोलले जाते.

माशाचा नकार हा निव्वळ लहरीपणा नसतो, याला पुरावा आहे. इलिनॉयमधल्या रिज लेक या छोट्या तलावात 1970 च्या दशकात सुरू झालेला आणि सुमारे 20 वर्षे चाललेला एक प्रयोग आहे. गळाला पुन्हा पुन्हा लागणारे आणि जवळजवळ न लागणारे बास वेगळे करून त्यांची पैदास केली गेली. तीन पिढ्यांत दोन्ही वंशांतले अंतर वाढत गेले, म्हणजे गळाला लागण्याची प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक आहे. पुढच्या अभ्यासात दिसले की सहज लागणारे नर घरट्याची राखणही अधिक दक्षतेने करतात. म्हणून विणीच्या दिवसांत घरट्यावरचा नर पकडणे हा या छंदातला खरा नैतिक प्रश्न आहे. नर बाजूला झाला की ब्लूगिलसारखे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात अनेक भागांत या काळात बास गरवायला बंदी असते, आणि ती योग्यच वाटते.

विक्रमाची कथाही अशीच निसटती आहे. 2 जून 1932 रोजी, मंदीच्या काळात, जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी लेकवर जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जड बास पकडला. मासा घरी शिजवून खाल्ला गेला. तो विक्रम 77 वर्षे एकट्याचा राहिला. 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिताने 22 पौंड 4.97 औंसांचा मासा पकडला. पण विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात. कुरिताला सत्यशोधन यंत्राची चाचणीही द्यावी लागली आणि 2010 च्या जानेवारीत विक्रम बरोबरीचा ठरला.

कुरिताचे आमिष जिवंत ब्लूगिल होते आणि बिवात दोन्ही मासे परके. बास 1925 मध्ये हाकोनेच्या आशी तलावात आणला गेला. 1960 मध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी भेट दिलेले ब्लूगिल जपानभर पसरले, आणि सम्राट झाल्यावर 2007 मध्ये अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. बासने स्थानिक लहान माशांचा फडशा पाडल्यामुळे बिवाकाठच्या शिगा प्रांताने 2003 पासून पकडलेला बास परत सोडण्यास मनाई केली. अमेरिकेत सद्‌वर्तन मानले जाणारे कृत्य तिथे नियमभंग ठरते. ग्वाटेमालातल्या ॲटिट्लान सरोवरात 1960 च्या सुमारास सोडलेल्या बासने तिथल्या न उडणाऱ्या पाणबुडी पक्ष्याच्या नाशाला हातभार लावला. छंदापायी मासा नव्या पाण्यात नेऊन सोडण्याचे हे दुष्परिणाम परत फिरवता येत नाहीत.

सध्याचा मोठा वाद सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राचा आहे. कार्ल लोरान्सने 1957 मध्ये हौशी गरवणाऱ्यांसाठी मासे शोधणारे पहिले सोनार आणले, पण ते नावेखालचेच दाखवत असे. 2018 मध्ये गार्मिनचे लाइव्हस्कोप आले आणि नावेपुढच्या पाण्यातला एकेक मासा व त्याच्याकडे जाणारे आमिष पडद्यावर हलताना दिसू लागले. तरुण स्पर्धक खोल, मोकळ्या पाण्यातले मासे शोधून जिंकू लागले. काठाची, आडोशाची, ऋतूची वर्षानुवर्षांची जाण असलेले मागे पडले. याच पडद्याने आणखी एक गोष्ट उघड केली: कित्येक बास आमिषामागे येतात, क्षणभर थांबतात आणि वळून जातात. 2025 च्या हंगामापासून नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीगने या सोनारवर पूर्ण बंदी घातली. मेजर लीग फिशिंगच्या बास प्रो टूरने दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात ते वापरण्याची मुभा ठेवली.