'मस्त आहे' म्हणजे नक्की काय आहे?

मागच्या पालकसभेत एका आईने विचारले, "सर, मुलांनी खेळावेत असे व्हिडिओ गेम असतात तरी का?" मागच्या बाकावरून कुणीतरी "नसतातच" असे परस्पर उत्तर दिले आणि विषय तिथेच संपला. आठवीच्या वर्गात हाच प्रश्न विचारला तर पंधरा नावे एका दमात येतात, आणि कारण प्रत्येकाचे एकच: "सर, मस्त आहे!" दोन्ही उत्तरांतून पालकांच्या हाती काही लागत नाही.

मला विचाराल तर पहिले नाव टेट्रिसचे. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो १९८४ साली तयार केला. त्यांच्या संगणकावर चित्रे काढण्याची सोय नव्हती, म्हणून चौकोन दाखवायला त्यांनी कंसाची चिन्हे वापरली. चार चौकोन जोडून होणारे सात आकार वरून पडतात. ते फिरवून आडवी ओळ भरायची, भरलेली ओळ नाहीशी होते. नियम एवढाच. आजीलाही दोन मिनिटांत समजतो. पण वेग वाढला की केलेली चूक भोक होऊन डोळ्यांसमोर राहते आणि ती निस्तरत पुढे जावे लागते. जुन्या निन्टेन्डोवरचा टेट्रिस शेवटपर्यंत खेळणे माणसाला शक्य नाही असे कित्येक वर्षे मानले जात होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने सुमारे चाळीस मिनिटे खेळून तो गेमच बंद पाडला. बटण दाबत बसण्याऐवजी कन्ट्रोलरच्या पाठीवर बोटे एकामागून एक आपटण्याची त्याची हातोटी आधीच्या खेळाडूंनी शोधून एकमेकांना शिकवलेली होती.

दुसरा गेम सिमसिटी, १९८९ चा. विल राइट हे बॉम्बफेकीचा एक गेम तयार करत होते. त्यातली बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती रचण्यातच जास्त मजा येते, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून हा गेम जन्मला. यात आपण नगराध्यक्ष. घरे, दुकाने, कारखाने यांसाठी जागा ठरवायच्या, रस्ते आणि वीज द्यायची. कर वाढवला तर लोक गाव सोडतात, कमी केला तर रस्ते उखडतात. कोळशाचे वीजकेंद्र स्वस्त, पण धूर करते. कारखान्याशेजारी घरे वसवली तर ती ओस पडतात. असे दोनतीन वेळा शहर बुडवलेल्या मुलाला नागरिकशास्त्राचा धडा वेगळा वाटतो, हे मी पाहिले आहे. (आपल्या गल्लीतला खड्डा मात्र त्याने बुजत नाही.) २००८ साली त्याचा मूळ प्रोग्राम 'मायक्रोपोलिस' या नावाने सर्वांसाठी खुला झाला, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही.

मोठ्या मुलांसाठी 'राजी' सांगेन. पुण्यातल्या चमूने केलेला हा गेम २०२० साली आला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी वाड्यांसारख्या इमारती, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट. मारामारी थोडी एकसुरी आहे, पण चित्रे बघत राहावीत अशी.

आता पैशाचे. माझ्या भाच्याने एक 'फुकट' गेम घेतला आणि महिनाभरात घरच्या फोनवरून दीड हजार रुपये गेले. नाणी, पोशाख, बंद पेट्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, पण गेममधल्या अशा खरेदीला ती लागू नाही. म्हणून फुकट गेमची शिफारस करताना तो पैसे कधी मागतो, ते आधी सांगावे. आणि खेळ मध्येच थांबवता येतो का, तेही. जेवायला हाक आली की "आत्ता सोडलं तर हरेन" असे म्हणावे लागत असेल, तर आईवर चिडण्यात अर्थ नाही. तो गेमच तसा रचलेला आहे.

सातवीतल्या एका मुलीने मला सिमसिटीबद्दल लिहून दिले: "मी कर खूप वाढवला. लोक निघून गेले. कमी केला तर पैसे संपले. तीनदा शहर बुडालं, चौथ्यांदा टिकलं. मध्येच ठेवून जेवायला जाता येतं." तो कागद संगणक कक्षाच्या फळ्यावर लावला आहे. शेजारी भरपूर जागा मोकळी आहे. पालकांनी लिहिलेलेही चालेल.