चप्पल चावू नये म्हणून

आषाढी झाली की श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत निघते आणि शेवटच्या दिवशी खामगावहून शेगावला येते. 'सतराच किलोमीटर तर आहे' म्हणून मीही फर्स्ट इयरला निघाले. पायात नवे कोरे स्पोर्ट्स शूज, खास वारीसाठी घेतलेले. शेगाव येईपर्यंत दोन्ही टाचांना हे मोठ्ठे फोड! पुढचे चार दिवस स्लीपर घालून प्रॅक्टिकलला गेले आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच.

एक पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर १७ किलोमीटरला सुमारे २४ हजार पावलं होतात. शेगावहून थेट पंढरपूरला जाणारे वारकरी ७०० किलोमीटरच्या आसपास चालतात, म्हणजे दहा लाख पावलं. (मॅथ्सच्या सरांनी हिशेब तपासावा.)

मला वाटायचं, कातडी वरून घासली की फोड येतो. खरी भानगड आत असते. बूट आणि मोजा कातडीला धरून ठेवतात, पण आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. मधल्या थरांवर ताण येतो, ते सुटतात आणि पोकळीत पाणी भरतं. मेकॅनिकलवाल्यांना हा 'शिअर' समजावायला नको. त्यात दमट कातडीचं घर्षण कोरडीपेक्षा जास्त. म्हणून घामाने भिजलेला कॉटनचा मोजा सगळ्यात वाईट. नायलॉन-पॉलिएस्टरचा बरा, आणि सॅकमध्ये एक कोरडा जोड हवाच.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. आणि निघण्याआधी दोन-तीन आठवडे ते रोज वापरावेत. ट्रेकिंगचे जड बूट इथे काही कामाचे नाहीत. आपली काळी माती (सिव्हिलवाल्यांची 'ब्लॅक कॉटन सॉइल') पावसात अशी चिकटते की खोल नक्षीचा सोल दहा पावलांत मणाचा होतो. डांबरी रस्त्याला उथळ नक्षी आणि मऊ सोल पुरे. मागे पट्टा असलेली सँडलही चालते. पण अंगठ्याची चप्पल नको. ती निसटू नये म्हणून बोटं सारखी आवळावी लागतात आणि संध्याकाळी पोटऱ्या बोलायला लागतात.

मग अनवाणी चालणाऱ्यांचं काय? त्यांच्या तळव्यांना सवय असते, श्रद्धा तर असतेच. पण माझ्या रूममेटच्या बाबांना बरीच वर्षं शुगर आहे आणि त्यांनी अनवाणी चालायचा नवस केला होता. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होऊ शकते. डांबर भाजलं, खडा रुतला तरी कळत नाही, आणि जखम लवकर भरत नाही. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. घरात दोन दिवस अबोला! शेवटी काका बूट घालायला तयार झाले, अट एवढीच की मंदिर दिसलं की काढणार.

दर थांब्यावर ती त्यांचे बूट काढून तळवे बघायची, बुटात हात घालून चाचपायची. काका चिडायचे, "अगं, लोक बघतात." तिसऱ्या थांब्याला तिच्या बोटाला टोचलं. बाभळीचा काटा सोलमधून थेट आत आला होता. मोज्याला रक्त लागलेलं, आणि काकांना पत्ताच नाही.

पाय धुऊन पट्टी बांधली आणि उरलेलं अंतर त्यांना गाडीने आणलं. काका पुढच्या वर्षी पुन्हा निघणार म्हणतात. जाड सोलचे बूट आतापासूनच घरात घालून फिरतायत.