गिधाडांवाचून गावाचे काय अडते?

मेलेले जनावर गावकुसाबाहेर टाकले, की थोड्याच वेळात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत आणि पाहता पाहता केवळ सांगाडा उरे. चाळीस वर्षांपूर्वी सर्वत्र दिसणारे हे दृश्य आज दुर्मिळ झाले आहे.

मृत जनावरांची विल्हेवाट लावण्यास निसर्गाने गिधाडाला पुरेपूर सिद्ध केले आहे. डोके व मान यांवर पिसे विरळ असल्याने मांसाची घाण चिकटून राहत नाही. जठरातील तीव्र आम्लामुळे अनेक रोगजंतू नष्ट होतात. एकाच मृतदेहावर जमणाऱ्या जातींनीही जणू वाटणी केलेली असते. लांब चोचीचे गिधाड कड्याकपारीत घरटे करते, तर पांढऱ्या पाठीचे उंच वृक्षांवर. लहानखुरे पांढरे गिधाड बारीक चोचीने मागे उरलेले तुकडे वेचते.

ही घडी विस्कटली ती जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. औषध दिलेले जनावर लवकरच मेले, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जोडपे वर्षाला एकच अंडे घालत असल्याने ही हानी लवकर भरून येत नाही. दरम्यान, स्पर्धक नाहीसा झाल्याने मृत जनावरे भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्री वाढली, की पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचा धोकाही वाढतो. पक्षी गेला आणि संकट माणसाच्या दाराशी आले, ते असे.

केंद्र शासनाने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या औषधांवरही घातली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. रायगड जिल्ह्यात उंच झाडांवरील घरट्यांचे रक्षण झाले; गडचिरोलीत वन विभागाने गिधाडांसाठी आहारस्थळे उभारली.

तथापि, केवळ कायद्याने हे काम तडीस जाणार नाही. बंदी असलेली औषधे गुरांना टोचली जात नाहीत ना, हे पशुपालकांनी पाहावे. अशी औषधे दिलेले वा विषबाधेने मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. घरट्यांचे वृक्ष तुटणार नाहीत, याची दक्षता ग्रामपंचायतींनी घ्यावी आणि शिक्षकांनी या पक्ष्याविषयीची किळस मुलांच्या मनातून दूर करावी. गिधाडांचे रक्षण हे गावाच्या आरोग्याचेच रक्षण होय.