गाढवं जिथून गेली

स्कॉटलंडच्या आडबाजूच्या डोंगरांत हिवाळी चढाईची वाट शोधणारा आधी पारा बघतो. ओहोळ गोठला, घळीत बर्फ घट्ट बसलं, तर वाट आहे. दोन दिवस उबदार वारा सुटला की तीच वाट पाणी होऊन खाली जाते. ओमानमध्येही डोंगराचा हंगाम हिवाळाच, साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण तो उन्हामुळे ठरलेला आहे: उन्हाळ्यात पायथ्याला पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि मग डोंगरात फक्त बकऱ्या राहतात. हजर पर्वताचा चुनखडीचा कडा ना गोठतो ना वितळतो, तो बारा महिने तसाच उभा. मग तिथे वाट शोधायची म्हणजे नक्की काय शोधायचं? माझं उत्तर असं की कडा नंतर बघावा, आधी पाणी बघावं आणि त्या पाण्याकडे कोण, काय लादून जात होतं ते बघावं. उपग्रहाच्या जमान्यात हे जुनाट वाटेल, पण पुरावा याच बाजूने बोलतो.

जबल शम्स हे या रांगेतलं सर्वांत उंच शिखर, सुमारे 3,000 मीटर. त्याच्या कुशीत वादी नख्रची दरी जवळजवळ किलोमीटरभर खोल तुटली आहे. दरीच्या काठावरच्या अल खितैम वस्तीपासून एक आडवी वाट कड्याच्या पोटातून जाते. सरकारी नकाशात तिचं नाव डब्ल्यू 6. सह्याद्रीत फिरलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल. आपल्याकडे बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये जशी पट्टी सुटते आणि तिच्यावरून ट्रॅव्हर्स मारता येतो, तशीच इथे चुनखडीच्या कठीण थरांमधला मऊ थर झिजून पट्टी झाली आहे. मात्र अशा पट्ट्या त्या दरीत अनेक आहेत आणि बहुतेक कुठेच पोचत नाहीत. हीच पट्टी वाट का झाली, याचं उत्तर तिच्या टोकाला मिळतं. तिथे अस साब हे ओसाड गाव आहे: पुढे आलेल्या कातळाच्या छपराखाली दगडी घरं, त्यांच्यासमोर दरीच्या तोंडाशी रचलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि वर, कातळातून ठिबकणाऱ्या पाण्याचा डोह. त्या ठिबकीवर गाव उभं राहिलं आणि गावासाठी वाट बांधली गेली. ‘बांधली’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. हजरमधल्या अशा जुन्या वाटांवर पट्टी तुटते तिथे सपाट दगड एकावर एक बसवून पाऊल ठेवण्यापुरती जागा केलेली दिसते, आणि चढाची पायरी माणसाच्या ढांगेपेक्षा लादलेल्या गाढवाच्या पावलाला सोयीची असते. आपल्या घाटवाटांच्या खोदीव पायऱ्या आणि टाकी यांचं नातं ज्याला ठाऊक आहे, त्याला ही भाषा शिकवावी लागत नाही.

एका बाबतीत मात्र आपली सवय तिथे घात करेल. सह्याद्रीत पाऊस ऑक्टोबरात आटोपतो, म्हणून डिसेंबरात नाळेतून चढणं शहाणपणाचं. उत्तर ओमानमध्ये जो काही थोडा पाऊस पडतो त्यातला बराचसा हिवाळ्यात आणि वसंतात पडतो, म्हणजे ऐन चढाईच्या हंगामात. उघड्या चुनखडीवर माती नाही, झाडोरा नाही, त्यामुळे वीस-पंचवीस किलोमीटरवर पडलेली सर निरभ्र आकाशाखाली वादीतून, म्हणजे एरवी कोरड्या पात्रातून, भिंतीसारखी येऊ शकते. एप्रिल 2024 मध्ये समद अल शान भागात अशाच लोंढ्याने शाळकरी मुलांचा बळी घेतला. म्हणूनच वादीचं पात्र नकाशावर सरळ महामार्गासारखं दिसत असलं, तरी जुनी वाट बहुधा ते सोडून काठाने वर चढते. फलज नावाचे पाणीवाटपाचे चर खोदणाऱ्यांनाही हेच गणित ठाऊक होतं: पाणी पात्रातून उचलून काठच्या उतारावरून अलगद गावात न्यायचं. असे सुमारे तीन हजार फलज ओमानमध्ये अजून वापरात आहेत, आणि त्यांपैकी पाच 2006 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. डोंगरात फलजाचा चर दिसला की त्याच्या जवळपास पायवाट असायचीच, कारण चर साफ ठेवायला रोज कुणीतरी चालत जात होतं.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: उपग्रहाचं चित्र आणि मोबाइलमधला ट्रॅक असताना फलज कशाला शोधायचा? चित्र वरून काढलेलं असतं आणि उभा कडा वरून बघितला तर त्याची रुंदी शून्य. दीड मीटरची पट्टी त्यात सावलीत हरवते. खोल दरीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका पलीकडच्या काठावर उडी मारतो. शिवाय कुणाचा तरी ट्रॅक सांगतो ते एवढंच, की एक माणूस एकदा तिथून गेला. तो दोर टाकून उतरला असेल तर त्याच रेषेने वर चढणाऱ्याचं काय व्हायचं? डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, हेही रेषेत लिहिलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो इतिहासातून येतो. 1957 ते 59 च्या, याच रांगेत झालेल्या जबल अखदर युद्धात सुलतानाविरुद्ध उठलेल्या इमामाचे लोक तिथल्या पठारावर बसले होते आणि वर जाणाऱ्या प्रत्येक माहितीच्या वाटेवर त्यांचा पहारा होता. 26 जानेवारी 1959 च्या रात्री ब्रिटिश एसएएस या विशेष दलाच्या तुकड्या पहारा नसलेल्या एका सोंडेने चढल्या आणि पहाटे माथ्यावर पोचल्या. म्हणजे गाढवाची वाट सोडली म्हणून तर डोंगर मिळाला! खरं आहे, पण पूर्ण गोष्ट बघा. सामान वाहायला सोमालियातून आणलेली गाढवं या डोंगरात टिकली नाहीत. शेवटच्या टप्प्यात वेळ गाठण्यासाठी पुढच्या लोकांना पाठपिशव्या मागे टाकाव्या लागल्या, आणि रसद दुसऱ्या दिवशी विमानातून पॅराशूटने टाकली गेली. हल्ला तनूफच्या बाजूने होणार ही हूल कुणाच्या कानात घातली होती? गाढववाल्यांच्या, आणि ती वर पोचली. डोंगरातल्या वाटा कुणाच्या ताब्यात आहेत हे त्या लष्करालाही नेमकं ठाऊक होतं. एका रात्रीपुरती, विमानांच्या जोरावर काढलेली चढण वाट म्हणून चालली नसती.

गिर्यारोहक म्हणतील, आम्हाला वाट हवीच कुठे आहे, आम्हाला भिंत हवी. तेही रास्त. हजरमधल्याच जबल मिश्तची आग्नेयेकडची भिंत आठशे मीटरच्या पुढे जाते. 1979 मध्ये एका फ्रेंच चमूने तिच्यावर पहिली मोठी चढाई केली आणि पुढे हिवाळ्यात युरोपातून येणाऱ्यांची रीघ लागली. मॅक्डॉनल्डचं चढाईचं मार्गदर्शक पुस्तक 1993 मध्ये आलं, तोवर नवे मार्ग काढण्याची हौस बरीच फोफावली होती. त्या भिंतीवरची रेषा गावाला विचारून सापडत नाही, हे मान्य. पण भिंत चढून झाल्यावर मिश्तच्या मागच्या उताराने उतरावं लागतं, आणि तिथे दमलेल्या माणसाला उपयोगी पडते ती बकऱ्यांची वाटच. पायथ्याच्या अल ऐन गावातली ओळीने उभी दगडी थडगी इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातली आहेत. या डोंगराच्या सावलीत माणूस पाच हजार वर्षं राहतो आहे, त्याला मागचा उतार ठाऊक नसेल असं मानायचं कारण नाही.

अडचण वेगळीच आहे. 1970 मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता. आज पठारावरही गाडी जाते. गावं खाली उतरली, गाढवं उरली नाहीत, आणि वाट नांगरली गेली नाही तरी पडीक पडली. पुढे पर्यटन खात्याने निवडक वाटांवर दगडांवर पिवळा, पांढरा आणि लाल असे पट्टे मारले, ते चांगलंच केलं; त्यामुळे वाटा हरवण्यापासून वाचल्या. पण पट्टा ‘इकडून’ एवढंच सांगतो. पाऊस येऊन पट्टीचा तुकडा खाली गेला की पुढचा पट्टा दरीपल्याड राहतो, आणि मग ही वाट कुठल्या पाण्याकडे निघाली होती हे ज्याला माहीत असेल तोच वरच्या थरात दुसरी पायरी शोधतो. अस साबच्या ओसाड शेतांच्या बांधावर हे तिन्ही रंग अजून दिसतात. वरचा डोह पट्ट्यांच्या रांगेत येत नाही. तो बघायला बांध सोडून, शेतांच्या वर, ओल्या कातळाचा वास येतो तिकडे चढावं लागतं.