त्र्यंबकची धुनी आणि पडद्यावरचे जेडाय

जेडाय हा शब्द आमच्या घरात आणला तो भाच्याने. दिवाळीच्या सुट्टीत नामपूरला आला होता. अंगणात बसून त्याने ‘स्टार वॉर्स’ची अख्खी गोष्ट सांगितली आणि शेवटी विचारलं, “मामा, या लोकांनी राग धरायचा नाही, लग्न करायचं नाही, स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही. मग हातात तलवार कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. मला आठवलं २०१५ सालचं त्र्यंबकेश्वर. सटाण्याहून एसटीने नाशिक गाठून तिथून पुढे सिंहस्थ कुंभमेळ्याला गेलो होतो. अंगाला भस्म फासलेले नागा साधू भाले-तलवारी घेऊन कुशावर्त कुंडाकडे निघाले होते. ज्यांनी सगळं सोडलं, त्यांनी शस्त्र मात्र सोडलं नव्हतं.

जॉर्ज लुकासचा पहिला ‘स्टार वॉर्स’ चित्रपट १९७७ सालचा. अकिरा कुरोसावाच्या १९५८ मधल्या ‘द हिडन फोर्ट्रेस’चं ऋण त्याने स्वतः मान्य केलं आहे, आणि त्याच्या जेडायांत जपानी सामुराईंची छाया स्पष्ट दिसते. जेडायांची आचारसंहिता चित्रपटात नव्हती. ती दहा वर्षांनी, १९८७ च्या सुमारास, त्याच विश्वावर बेतलेल्या एका खेळाच्या पुस्तकातून आली. सार असं, की भावनेच्या लाटेत वाहू नये, अज्ञानात राहू नये, वासनेच्या मागे न लागता चित्त स्थिर ठेवावं आणि मरणाला शेवट मानू नये. शस्त्र रक्षणासाठी, हल्ल्यासाठी नव्हे.

पुढे ही संहिता खरीच मानणारे लोक निघाले. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३,९०,१२७ जणांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’ लिहिलं. ऑस्ट्रेलियात हा आकडा सत्तर हजारांवर गेला. त्यातले बहुतेक गंमत म्हणून लिहिणारे होते, त्यासाठी ईमेलवरून आवाहनंच फिरत होती. २०११ मध्ये इंग्लंड-वेल्सचा आकडा १,७६,६३२ वर आला. मला मोलाचे वाटतात ते गंमत ओसरल्यावरही ध्यान, वाचन आणि रागावर ताबा यांचा अभ्यास धरून राहिलेले मूठभर लोक. त्यांच्यातल्या एका संघटनेने ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्था म्हणून मान्यता मागितली. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने ती नाकारली. यात धर्म म्हणावा अशी सुसंगत श्रद्धा दिसत नाही, आणि समाजाच्या नैतिक उन्नतीला पुरेल अशी बांधीव चौकटही नाही, असा तो निर्णय होता.

बांधीव चौकट म्हणजे काय, हे पाहायचं तर साधूंच्या आखाड्यात जावं लागतं.

आखाडे एकूण तेरा. जुना, निरंजनी, महानिर्वाणी, अटल, आवाहन, आनंद आणि अग्नी हे सात शैव. दिगंबर, निर्मोही आणि निर्वाणी हे तीन वैष्णव. शिवाय दोन उदासीन आणि एक निर्मल. स्नानाच्या मानावरून शैव-वैष्णवांत रक्त सांडलं, वाद पेशव्यांपर्यंत गेला, आणि तेव्हापासून वैष्णव नाशिकच्या रामकुंडावर तर बाकीचे दहा त्र्यंबकला स्नान करतात.

इथे नुसती इच्छा झाली म्हणून कोणी नागा होत नाही. आधी कित्येक वर्षं गुरूची सेवा. मग मुंडन, आणि त्यानंतर स्वतःच्या हाताने स्वतःचं पिंडदान. आईबापाने दिलेलं नाव तिथे संपतं, आणि गिरी, पुरी, भारती, सरस्वती अशा दहा नावांपैकी एक मागे लागतं. दीक्षा कुठल्या कुंभात झाली त्यावरूनही ओळख ठरते. हरिद्वारचा तो बर्फानी, उज्जैनचा खूनी, आणि आपल्या नाशिकचा तो खिचडिया नागा. किरकोळ चूक झाली तर आखाड्याचा कोतवाल त्याला नदीवर नेतो आणि पाच ते एकशे आठ डुबक्या मारायला लावतो. ओल्या अंगाने परत येऊन त्याने सगळ्यांची माफी मागायची. लग्न केलं किंवा खून केला, तर आखाड्याचं दार कायमचं बंद. हा कायदा कागदावर वाचून कळत नाही. थंड पाण्यात उभं राहिल्यावर कळतो.

पण आखाड्यांचा इतिहास सोवळा नाही, आणि तो लपवू नये. अठराव्या शतकातला अनूपगिरी गोसावी, म्हणजे हिंमतबहादूर, हजारो गोसाव्यांची फौज बाळगून होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर तो शुजाउद्दौल्याबरोबर होता, म्हणजे अब्दालीच्या बाजूने, मराठ्यांच्या विरुद्ध. १८०३ मध्ये बुंदेलखंडात त्याने इंग्रजांना साथ दिली, तीही मराठ्यांविरुद्धच. संन्याशाचं नाव आणि जहागिरीची हाव एकाच अंगरख्यात मावली. मराठी वाचकाला हे झोंबतं, झोंबायलाच हवं.

चित्रपटातल्या जेडायांची घडीही अशीच विस्कटते. त्यांच्यातला अनाकिन तलवारीत कमी पडत नाही. चोरून लग्न करतो, बायको मरेल या भीतीने विवेक सोडतो आणि आपल्याच लोकांवर शस्त्र उचलतो. अनूपगिरीला जहागीर सुटली नाही, याला माणूस सुटला नाही. आसक्तीचा नियम शस्त्राच्या आधी का ठेवलेला असतो, ते इथे दिसतं. राग आणि लोभ शिल्लक असलेल्या माणसाच्या हाती शस्त्र द्यायचं, तर आधी त्याच्याकडून त्याचं पिंडदान करून घ्यावं लागतं. तेवढंही पुरतंच असं नाही.

म्हणून दूरदेशीच्या त्या मूठभर जेडायांना मी हसत नाही. गोष्ट कल्पित असली तरी राग गिळायचा त्यांचा प्रयत्न कल्पित नाही. त्यांना गुरू नाही, कोतवाल नाही, डुबक्या नाहीत. स्वतःवर पहारा स्वतःच ठेवायचा. ते मला जास्त कठीण वाटतं.

भाच्याला त्या दिवशी मी यातलं निम्मंही सांगू शकलो नाही. त्याला त्र्यंबकला न्यायचं कबूल केलंय. पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तुम्हीही मुलांना घेऊन या. शाही मिरवणूक बघून लगेच मागे फिरू नका. दुपारी गर्दी ओसरल्यावर एखाद्या धुनीपाशी बसा, आणि साधूला तलवारीबद्दल न विचारता त्याने काय काय सोडलं ते विचारा.