तलवार खालीं ठेवणारा सेनानी

रत्नागिरीच्या विद्यार्थ्यांस ब्रह्मदेशाचें नांव काढतांच थिबा राजाचा राजवाडा आठवतो. १८८५ सालीं राज्य गमावलेल्या त्या राजास इंग्रजांनीं येथें आणून ठेविलें व १९१६ सालीं तो येथेंच वारला. परंतु ब्रह्मदेशाच्या इतिहासाशीं ज्यांचें नांव जोडलें गेलें, असे आपल्या कोंकणांतील एक सेनानी मात्र विस्मृतींत जात आहेत. त्यांची ओळख बालवाचकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ सालीं सावंतवाडी संस्थानांतील तिरोडे गांवीं झाला. हा मुलूख पुढें रत्नागिरी जिल्ह्यांत आला व १९८१ पासून तो सिंधुदुर्गांत मोडतो. डेहराडून व विलायतेंतील सँडहर्स्ट येथें सैनिकी शिक्षण घेऊन ते हिंदी सैन्यांत अधिकारी झाले. फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर पडलें, तेव्हां जपानच्या हातीं सांपडलेल्या हजारों हिंदी सैनिकांत तेही होते. पुढें ते आझाद हिंद सेनेंत गेले आणि १९४३ सालीं नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या हंगामी सरकारांत मंत्री झाले. १९४४ च्या आरंभीं या सरकारचें ठाणें रंगूनला हललें व तेथून सेना इंफाळकडे निघाली. ती मोहीम फसली.

स्वातंत्र्यानंतर आझाद हिंद सेनेंतील लोकांस सैन्यांत परत घेण्यांत आलें नाहीं. मग सेनापतीनें काय करावें? जगन्नाथरावांनीं लोकांपुढें हात जोडले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकींत रत्नागिरी जिल्ह्यानें त्यांस लोकसभेंत पाठविलें व ते पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. छावणींत अधिकाऱ्याच्या शब्दास कोणी उत्तर देत नाहीं. मतदार मात्र जाबही विचारतो आणि घरींही बसवितो.

हें अंतर लहान नव्हे. ब्रह्मदेशाचे जनरल ने विन यांनाही त्याच महायुद्धांत जपान्यांनीं तयार केलें होतें. परंतु त्यांनीं २ मार्च १९६२ रोजीं सैन्याच्या बळावर सत्ता बळकाविली आणि तो देश अनेक दशकें लष्करी अंमलाखालीं राहिला.

जगन्नाथरावांनीं आपली सैनिकी विद्या निराळ्या कामीं लाविली. फाळणींत घरदार गमावलेल्या निर्वासितांच्या मुलांसाठीं त्यांनीं १९५४ सालीं दिल्लींतील कस्तुरबा निकेतनांत राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवाईत, व्यायाम व राष्ट्रगीतें यांतून त्या मुलांच्या विस्कटलेल्या दिवसांस कांहीं घडी बसावी, हा हेतु होता. पुढें ही योजना अनेक शाळांत पसरली. १९६३ सालीं जगन्नाथराव वारले. कालांतरानें योजनाही दुसऱ्या उपक्रमांत विलीन झाली.

मुलांनो, घंटा होतांच तुम्ही रांगेंत उभे राहतां. शिक्षकांनीं पाठ फिरवितांच ती रांग मोडली, तर तें केवळ भय होय. न मोडली, तर ती शिस्त. पालकांनींही घरीं मुलांस यांपैकीं काय शिकवितों, याचा एकवार विचार करावा. तलवार हातीं धरण्यास बळ लागतें. ती खालीं ठेवून लोकांचा कौल मानण्यास त्याहून अधिक लागतें.